ताकदीचं किट

लाकूडतोड्या पास्कूची इंजिनवाली करवत नऊ वर्षं बिनतक्रार चालली. मग दुकानदार सामंतशेठनी आग्रहाने तिला ताकद वाढवायचं किट बसवलं आणि तिसऱ्याच ओंडक्यावर इंजिन जाम झालं. पोटापाण्याचं साधनच गेलं. चक्रावलेला पास्कू करवत घेऊन दुकानात आला.

शेठ चारचौघांत गरजले, "किट एक नंबर आहे! तुलाच करवत चालवता येत नाही."

पास्कू गोंधळला. नऊ वर्षं येत होतं, ते आजच कसं विसरलो?

"असेल शेठ," तो म्हणाला. "मग तसलंच किट तुमच्या या काउंटरवरच्या नव्या करवतीला लावून चालवून दाखवा. मी बघून शिकतो."

शेठनी घाईने करवत मागे ओढली. "छे! इंजिन जाईल ना तिचं!"

दुकानात हशा पिकला. शेठनी पाना उचलला आणि पास्कूचं इंजिन खोलायला घेतलं.