उष्टावलेलं गाणं

एका गावात एक पोतदारकाका होते. दुकान रंगाचं, नाद सीड्यांचा. पॉप आणि रॉक बँडांच्या सिंगल्स ते जमवत. सिंगल म्हणजे एक गाजलेलं गाणं आणि त्याच्या जोडीला एखादं न गाजलेलं, अशी लहानशी सीडी.

पूर्वी तबकड्यांना दोन बाजू असत. पुढच्या बाजूला नाव काढणारं गाणं, मागच्या बाजूला उरलंसुरलं. सीडीला वाजणारी मागची बाजू नसते, पण त्या दुसऱ्या गाण्याचं 'बी साइड' हे नाव काही सुटलं नाही. गंमत अशी, की जमवणाऱ्यांचा सगळा जीव या उरल्यासुरल्यावरच. पुढचं गाणं कुणाकडेही असतं. मागचं सापडायला नशीब लागतं.

काकांनी सीड्यांच्या दोन जाती केल्या होत्या. प्लॅस्टिकचं वेष्टन न फाडलेली ती 'कोरी'. कुणीही, कधीही, एकदा जरी उघडून वाजवलेली ती 'उष्टी'. उष्टी सीडी त्यांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटाची पायरी चढायची नाही. आणि कोरीला हात लावायचा तो पांढरे हातमोजे घालूनच. घरात सीडी प्लेयर नव्हता. कशाला हवा? कोरी वाजवली की ती उष्टी होणार, आणि उष्टी तर घरात येतच नाही. हिशेब अगदी चोख होता. फक्त त्या घरात गाणं म्हणून कधी ऐकू आलं नाही, एवढंच.

त्याच गावात केतकी राहायची. कॉलेजात असताना तिचा एक बँड होता, 'काळी पाच' नावाचा. तीन मुलगे आणि ती. त्यांनी एक सिंगल काढली होती. पुढचं गाणं मुलांचं, आरडाओरड्याचं. मागे जागा उरली, म्हणून केतकीची अंगाई. गिटारच्या खरखरीवर म्हटलेली अंगाई. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण जगावेगळं काहीतरी केलंय. जगाला पत्ताही लागला नाही. चार पेट्या छापल्या, वाटल्या, संपल्या.

मग लग्न झालं, जुई झाली आणि जुई रांगायला लागली तेव्हा केतकीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. बोलता यायचं, पण घोगरं. वरचा सूर लावायला जावं तर नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे बघा. ती ते बघतच होती. पण रात्री जुईला थोपटताना काय म्हणायचं, हा प्रश्न डॉक्टरांच्या खात्यात येत नव्हता.

शाळेत बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण गातं?" कुणाची आजी गात होती, कुणाचे बाबा. जुई म्हणाली, "आमच्याकडे कुकर गातो."

बाई हसल्या. केतकीही घरी आल्यावर हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली. आपण उगाच एवढं मनाला लावून घेतो, असंही तिला वाटलं. तिला रोज तसंच वाटायचं.

तिनं सीडीचा शोध घेतला. तिची स्वतःची प्रत सासूबाईंनी कबुतरं येऊ नयेत म्हणून खिडकीत सुतळीला टांगली होती. उन्हापावसानं तिची पार रया गेली. कबुतरं मात्र काही घाबरली नाहीत. गिटार वाजवणारा परदेशात होता. त्यानं कळवलं, "असेल कुठेतरी, बघतो." त्यानंतर तो जो बघायला गेला, तो गेलाच.

एके दिवशी जुईच्या खोलीला रंग घ्यायला केतकी पोतदारकाकांच्या दुकानात गेली. काका एका गिऱ्हाइकाला कपाट दाखवत होते. "आणि ही बघा, आपल्या गावची. काळी पाच. आख्ख्या महाराष्ट्रात कोरी अशी एकच उरलीय!"

केतकीच्या हातातलं रंगाचं पुस्तक खाली पडलं.

"काका, त्यातलं मागचं गाणं मी म्हटलंय."

काकांचा चेहरा उजळला. इतका उजळला, की केतकीला वाटलं आता कुलूप उघडणार.

"एकदा ऐकवाल? माझी मुलगी... तिनं मला गाताना ऐकलेलंच नाही. एकदाच. फोनवर भरून घेते आणि तुमची तुम्हाला परत."

"ताई, भलतंच काय बोलता?" काका दुखावले. "उघडली की उष्टी झाली! असं करा, त्यापेक्षा वेष्टनावर एक सही करून द्या. गायिकेची सही म्हणजे सोन्याहून पिवळं."

आता तुम्हीच सांगा. जिचा गळा त्या डबीत कोंडला आहे, तिलाच म्हणायचं, दाराला हात लावू नका, फक्त दारावर नाव लिहून द्या! केतकीनं सही केली नाही. पण ती भांडलीही नाही. वस्तू त्यांची, पैसे त्यांनी मोजलेले, आपला काय हक्क, असा विचार करत ती रंग न घेताच घरी आली आणि तिथं पोचल्यावर तिला सगळी सडेतोड उत्तरं एकामागून एक सुचली.

आठवड्याभरात काका स्वतः तिच्या दारी आले. वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन होतं. केतकीचा सत्कार करायचा होता.

"सीडी उघडणार असाल तर येते," केतकी म्हणाली.

"त्या दिवशी बघू," काका म्हणाले.

आपल्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', हे केतकीला ठाऊक होतं. आइस्क्रीमच्या गाडीसमोर ती स्वतः जुईला रोज 'बघू' म्हणायची. तरी ती गेली. आशेला अक्कल नसते. जुईला नवा फ्रॉक घालून सांगितलं, आज तुला आईचं गाणं ऐकायला मिळेल.

सभागृह भरलं होतं, कारण शेवटी कांदेपोहे होते. मागच्या रांगेत पाळणाघरवाल्या शकूमावशी बसल्या होत्या, ज्यांचे आईबाप अजून कामावरून यायचे होते अशी पाच-सहा पोरं घेऊन. टेबलावर काचेची पेटी, पेटीत मखमलीवर ती सीडी.

काकांनी केतकीला शाल दिली, श्रीफळ दिलं. मग भाषण केलं. "या गाण्याची गोडी काय वर्णावी! हा स्वर म्हणजे आपल्या मातीचा सुगंध! हा ठेवा मी डोळ्यांत तेल घालून जपलाय!"

टाळ्या पडल्या. जुईनं आईची ओढणी ओढली. "आई, कधी लावणार?"

केतकीनं काकांकडे पाहिलं. काकांनी पोह्यांकडे पाहिलं.

तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःसाठी ती आयुष्यभर गप्प बसली असती. पण पोरीला शब्द दिला होता. शाल खुर्चीवर ठेवून ती उठली आणि माइकसमोर गेली.

"काका, या गाण्याची पहिली ओळ काय हो?"



"ते... ते शब्दांच्या पलीकडचं गाणं आहे," काका म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं.

"मग चाल कुठली? गुणगुणून दाखवा की. ज्या गोडीचं वर्णन केलंत ती चाखली कधी? तुम्ही माझा सत्कार करताय की प्लॅस्टिकच्या कागदाचा?" बोलता बोलता तिचा घोगरा आवाज अजूनच चिरकला. लोक तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघायला लागले. बघू देत. "पहिली ओळ मी सांगते. 'दिवा मालवला, डोळा मिटू दे...'"

पुढची ओळ सांगायला तिला श्वास घ्यावा लागला. तेवढ्यात मागच्या रांगेतून चिमुकल्या आवाजांचा घोळका उठला:

"माझ्या गळ्याची ऊब, तुझ्या उशा-उशा-उशाला राहू दे!"

अख्खं सभागृह मागे वळलं. शकूमावशींची पोरं गात होती. दोघांनी अंगठा तोंडात घातला होता. एका पुढचे दात पडलेल्या मुलीनं तर मावशीच्या मांडीवर डोकं टेकून डोळेही मिटले.

"अगं बाई, ही तुमची होय?" शकूमावशी तिथूनच म्हणाल्या. "एक बिऱ्हाड गाव सोडून गेलं, त्यांच्या अडगळीत मिळाली. पोरांना रोज दुपारी हीच लावते. ही लागल्याशिवाय एक पोर झोपेल तर शपथ. आधी झोपायची ती आता कॉलेजात गेली!"

केतकीला एकदम आठवलं. जुईला पाळणाघरात घालायची वेळ आली होती, तेव्हा ती शकूमावशींच्या फाटकापर्यंत गेली होती. तिथल्या शेजारणीनं सांगितलं, "तिथं मुलांना गिटारचा धांगडधिंगा लावून झोपवतात." हे ऐकून काळजीवाहू आई फाटकातूनच परत फिरली होती. आत जाऊन कान द्यावा, असं तिलाही सुचलं नव्हतं.

"पण 'उशा-उशा-उशाला' असं कुठं आहे?" ती पुटपुटली.

"तिथं रेघ पडलीय हो. ती अडखळते, म्हणून पोरंही अडखळतात."

काकांनी संधी साधली. "बघा! म्हणून मी म्हणतो. रेघा पडलेली, उष्टी!"

शकूमावशी उठल्या. मांडीवरची पोर त्यांनी खांद्यावर घेतली.

"उष्टीच आहे, पोतदार. गावातल्या पोरांनी उष्टावलेली. बाळाच्या तोंडात पहिला घास घालतो त्याला काय म्हणतात, विसरलात? उष्टावण. पेढे वाटतो आपण त्या दिवशी. तुमच्या कपाटातल्या गाण्याचं उष्टावणच झालं नाही अजून. जन्मल्यापासून उपाशी आहे ते."

पोहे त्या दिवशी फार कुणी खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी जुईला घेऊन त्या फाटकातून आत गेली. सतरंजीवर पोरं ओळीनं निजली होती. शकूमावशींनी जुन्या प्लेयरची कळ दाबली. आधी गिटारची खरखर आली आणि मग एक कोवळा, स्वच्छ आवाज. वरच्या सुराला असा अलगद टेकणारा, की केतकीलाच ओळखायला क्षणभर लागला.

जुईनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग प्लेयरकडे.

"ही तू?"

"हो."

"खोटं!"

"आईशप्पथ."

जुईनं हात लांब करून आईच्या गळ्यावरचा व्रण बोटानं चाचपला. गाणं अडखळलं: उशा, उशा, उशाला. जुई खुदकन हसली, आईच्या कुशीत शिरली आणि गाणं संपायच्या आत झोपली. घरी परतल्यावर त्या रात्री ती म्हणाली, "आई, म्हण ना. तुझ्या आत्ताच्या आवाजात." केतकीनं म्हटलं. घोगरं, हवेचं, आणि 'उशा-उशा-उशाला' तसंच अडखळत. कारण सरळ म्हटलेलं जुईनं चालू दिलं नाही.

पोतदारकाका महिन्याभरानं शकूमावशींकडे गेले. त्यांच्या हातात पांढरे मोजे होते. म्हणाले, "ती सीडी मला द्या. इथं तिची नासाडी चाललीय."

"तुम्हाला चालायची नाही ती," मावशी म्हणाल्या. "उष्टी आहे." आणि दार लोटून घेतलं, कारण पोरं झोपली होती.

काकांची कोरी सीडी आजही कपाटात आहे. आलेल्यागेलेल्याला ते अभिमानानं दाखवतात. कुणी विचारलंच, "गाणं कसं आहे हो?" तर काका कपाटाची काच पुसत म्हणतात, "कोरं आहे."

तात्पर्य हेच की, कोंडून ठेवण्याला जपणं म्हणत नाहीत. गाण्यावर रेघ पडली तरी चालेल, पण त्याचं उष्टावण राहता कामा नये.