एका शेंगेत तळ्याची सफर

फार मागची गोष्ट आहे, खोटी वाटली तर वाटू द्या. एक कासव सगळ्यांना पाठीवर बसवून तळ्यापार न्यायचं. भाडं फक्त एक शेंग, म्हणून नुसती झुंबड.

एक खार बहिणीच्या दोन पिल्लांच्या बारशाला दहा शेंगा घेऊन निघाली. एक भाड्यात गेली. मध्यावर ऊन तापलं.

"कमळाच्या पानाची सावली हवी का, खारूताई? तीन शेंगा," कासव गोड बोललं.

तिनं दिल्या. मग सरबताच्या दोन, गाण्याच्या दोन. उरल्या दोनच.

"सावलीची वेळ संपली. आणखी दोन काढा."

खार रडकुंडीला आली. पिल्लांच्या हातावर काय ठेवणार?

शेजारचा म्हातारा बेडूक खेकसला, "अगं बये, एवढं झुपकेदार शेपूट नुसतं मिरवायला आहे का? घे की डोक्यावर!"

तिनं घेतलं. शेंगा वाचल्या.

कासव चिडलं. "सगळ्यांनी घरची सावली आणली तर माझं पोट कसं भरायचं? उद्यापासून भाडं सहा शेंगा!"

"कर की," बेडूक पाय पसरत म्हणाला. "मला पोहता येतं. स्वस्त पडतं म्हणून बसतो."

दुसऱ्या दिवशीही भाडं एकच शेंग होतं. सावली तेवढी चार शेंगांची झाली.