काळा की क्रोम?

"काळा की क्रोम, बुवा? एकदाच काय ते सांगून टाका."

समरजितनं मोटारसायकलचे दोन बेंड पाइप भैरूबुवांच्या पुढ्यात ठेवले. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणारे, वाकडे, आतून पोकळ. एक काळा, एक क्रोमचा.

बुवांची मठी गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर. सकाळपासून चूल धरत नव्हती. लाकडं ओली, डोळ्यांत धूर, आणि त्यात हा पाहुणा. मागच्या खेपेला हाच टाकीचे दोन रंग घेऊन आला होता.

"मला काय कळतंय त्यातलं?" बुवा खेकसले.

"काळा रुबाबदार दिसतो. पण क्रोमला जुना थाट आहे. काळ्यावर धूळ दिसते, क्रोमवर बोटं उठतात. बरं, काळा घ्यावा तर..."

"गाडी कुणाची?"

"आबांची. त्यांचीच जुनी गाडी नव्यानं बांधतोय. मागं बसवून त्यांना खाली कोकणात, आत्याकडं न्यायचंय. बस त्यांना सोसत नाही."

"आत्या कशी हाय?"

"अंथरुणाला खिळलीय. सारखी भावाची वाट बघते म्हणे."

"आणि आबा?"

"रोज विचारायचे, गाडी जोडली का रे? हल्ली..."

"हल्ली काय?"

"हल्ली विचारत नाहीत."

बुवांनी धुरानं भरलेले डोळे पुसले.

"मग घोडं कुठं पेंड खातंय?"

"अहो, तेच तर सांगतोय! काळा की क्रोम?"

असल्या माणसापुढं देवानंही हात टेकावेत. बुवांनी क्रोमचा पाइप उचलला, एक टोक चुलीत खुपसलं, दुसरं तोंडाला लावलं आणि गाल फुगवले.

"बुवा! ती फुंकणी नव्हे!"

फूऽऽ... फूऽऽ...

राख उडाली आणि चुलीनं भडका घेतला. बुवांनी पाइप बाहेर काढला, तर त्याला चांगली काजळी धरलेली. समरजित शर्टाच्या बाहीनं पुसायला धावला. पुसावी तशी ती आणखीच पसरली. तो अगदी रडकुंडीला आला.

"क्रोमचं पार वाटोळं केलंत की हो!"

बुवांनी शांतपणे चहाचं आधण ठेवलं.

"व्हय. आता दोन्ही काळेच... आज आबास्नी कंचं कारण सांगशील?"