प्राध्यापक मणेरीकरांचं खोटं उत्तर

मिरजेत मणेरीकर नावाचे एक प्राध्यापक होते. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी का वाढते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ही वाढ कर्करोगाची नव्हे, पण लघवीची वाट आवळणारी. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण असतं. वाढलेल्या ग्रंथीत त्या आवरणातलं कोलेस्टेरॉल कसं बदलतं, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. शस्त्रक्रियेत काढलेला ग्रंथीचा तुकडा अभ्यासाला द्यायला एखादा रुग्ण संकोचला, की ते चिडायचे. "यात लाजण्यासारखं काय आहे?" म्हणायचे.

साठी उलटली आणि त्यांनाही तोच त्रास सुरू झाला. कितीही वेळ उभं राहिलं तरी लघवी मोकळी होईना. आपल्याला काय झालंय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण डॉक्टरांकडे जायचं म्हणजे आपल्याच विद्यार्थ्यासमोर तपासणीला आडवं व्हायचं. त्यापेक्षा त्यांनी पाणी पिणं कमी केलं. रात्री सारखे का उठता, असं पत्नी कुमुदताईंनी विचारलं, तर म्हणाले, "अगं, चहा जास्त होतोय."

एकदा ज्येष्ठ नागरिक संघात याच विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. शेवटी नरवाडे नावाचे एसटीचे निवृत्त चालक उठले आणि चाचरत म्हणाले, "सर, रागावू नका. तुम्हाला आहे का हो हा त्रास?"

सभागृहात हशा पिकला. मणेरीकरांच्या ओटीपोटात तेव्हाही कळ होती.

"छे! मला कसला त्रास?"

नरवाडे मान खाली घालून बसले.

पुढच्याच आठवड्यात मणेरीकरांची लघवी पार अडली. ते घामाघूम होऊन जमिनीवर बसले, तेव्हा कुठे कुमुदताईंना खरं कळलं. त्यांनी रिक्षा बोलावून इस्पितळ गाठलं. नळी घालून मोकळं करावं लागलं. मूत्रपिंडांना सूज आली होती.

"आणखी अंगावर काढलं असतंत, तर अवघड होतं, सर," त्यांचे विद्यार्थी डॉ. मुजावर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंडं सावरली.

काही महिन्यांनी ते तपासणीला गेले, तर वॉर्डात नरवाडे दिसले. चेहरा सुजलेला. लघवी तुंबून मूत्रपिंडं निकामी झाल्यानं ते डायलिसिसवर होते.

"अहो, इतके दिवस का थांबलात?"

"त्या दिवशी विचारलं, तर सगळे हसले. तुम्हीपण नाही म्हणालात. वाटलं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. मग घरी कुणाला बोललोच नाही."

मणेरीकर खाटेच्या कडेवर बसले. "मला होता तो त्रास. मी खोटं बोललो."

 नरवाडे शांतपणे म्हणाले, "हो म्हणाला असतात, तर दुसऱ्या दिवशी इथं आलो असतो, सर."



तात्पर्य: दुखण्याची लाज वाटून जाणत्यानं बोललेलं खोटं त्याच्यापुरतं राहत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचंही ते तोंड बंद करतं.