जास्तीचं मीठ

"मग भगवी छाटी अजून का नाही, बाबा? माझ्यात काय उणं राहिलंय?"

विचारणारा वामन प्रधान. पूर्वी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. बायकोला, रेवतीला, घरी टाकून या समुद्रकाठच्या कड्यावर संन्यासी व्हायला आला, त्याला वर्ष होत आलं होतं. काल ती एवढ्या लांबून आली, मठीच्या दाराशी उन्हात उभी राहिली. पठ्ठ्यानं मान वर केली नाही. शेवटी ती निघून गेली. रात्री याच्या घशाखाली घास उतरला नाही, पण कबूल करील तर प्राध्यापक कसला!

रामगीरबाबा आमटीसाठी खडकावरचं दगडफूल काढत होते. बाबा मुळात कमी बोलत. लाटांशिवाय दुसरा आवाज नाही. वामनला ते एकटेपण अलीकडे खायला उठायचं.

"खाली बघा," तो म्हणाला. वाळूत कासवीचा माग होता. समुद्रातून वर, आणि परत समुद्रात. "ऑलिव्ह रिडले. अंडी पुरली की चालती झाली. वळून बघायचं नाव नाही. याला म्हणतात वैराग्य!"

"आणि हे रे?" बाबांनी दगडफूल पुढे केलं.

"ते? ते एक नाहीच मुळी. दोन जीव आहेत. बुरशी आणि शेवाळ. एक आसरा देतं, दुसरं अन्न करून घालतं. जन्मभर एकमेकांच्या गळ्यात. संसारच की तो!"

"वेगळे कर."

वामननं नखानं खरवडलं. बोटांत नुसता चुरा आला.

"झाले?"

"नाही होत..."

खाली लाटा तो माग पुसत होत्या. वामनला काल दाराशी उन्हात उभी राहिलेली रेवती आठवली. अरे, तिला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही आपण!

"अंडी घालताना कासवी रडते म्हणतात," बाबा हळूच म्हणाले.

"छे हो, रडते कसली! अंगातलं जास्तीचं मीठ टाकते डोळ्यांवाटे..."

बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. घाईघाईनं त्यानं उपरण्यानं डोळे टिपले.

"वारं फार खारं आहे आज, बाबा..."

बाबांनी उरलेलं दगडफूल कागदात बांधलं. पुडी त्याच्या हातात ठेवली.

"मीठच असेल," ते म्हणाले. "दुपारची एसटी मिळेल तुला."