सटवाजीची तिसरी बंदूक

एका राज्यात तांब्याचा राजा होता. जन्मला तेव्हा तो चारचौघांसारखा हाडामांसाचा होता. पण तरणेपणी त्याने कंकाळ मांत्रिकाचा पुरलेला खजिना उकरला. खजिन्यातून तांब्याचा एक ससाणा उडाला आणि भारडोंगराच्या शेंड्यावर जाऊन बसला. त्या दिवसापासून राजाची पावले तांब्याची होऊ लागली. पावलांनंतर पोटऱ्या, पोटऱ्यांनंतर गुडघे. तांबे कमरेशी आले तेव्हा राजाने खजिना परत केला आणि कंकाळापुढे हात जोडले.

कंकाळ म्हणाला, "दिलेला शाप मलाही मागे घेता येत नाही. ससाण्याची छाती फुटली तरच शाप तुटेल. बंदुकीचा बार एकच मिळेल. त्यासाठी नळीत तिप्पट दारू ठासावी लागेल. आणि बंदूक ज्याच्या भट्टीत घडली, त्याच्याच रक्ताच्या माणसाने ती एकट्याने वर न्यावी."

"आणि तांबे काळजापर्यंत पोचले तर?"

"तर तू पुतळा होशील, आणि तुझ्या राज्यात कणसेसुद्धा तांब्याची येतील."

भारडोंगर सगळ्यांना ठाऊक होता. त्याच्यावर पावलापावलाला हातातली वस्तू जड होत जाई. गुराख्याची काठी शेंड्याजवळ तुळईएवढी होई.

त्या राज्यात बंदुका घडवणारे घर एकच, सटवाजीचे. त्या घरची बंदूक कधी फुटली नव्हती. प्रत्येक नळीच्या तोंडाशी लोखंडी सिंहमुख असे. ती आजोबांपासूनची खूण. सटवाजीची नजर आता अंगणापलीकडे जात नव्हती. घरात दुसरे माणूस म्हणजे लेक जिऊ. उडत्या पाखराच्या शेपटीचे पीस उडावे आणि पाखराला कळू नये, असा तिचा नेम.

राजाने दोघांना बोलावून घेतले. सटवाजी म्हणाला, "बंदूक देतो. लेक देत नाही."

जिऊ म्हणाली, "महाराज, बाबा बंदूक देतील. लेक स्वतःच्या पायांनी येईल."

सटवाजी घरी आला आणि त्याने भाता धरला. घडवताना डोंगर त्याच्या मनात आलाच नाही. मनात होती तिप्पट दारू, आणि त्या दारूशेजारी टेकणारा लेकीचा गाल. त्याने मनगटाएवढी जाड नळी केली, शिसवीचा दस्ता केला, दस्त्यावर पोलादी पट्ट्या ठोकल्या. जिऊने बंदूक उचलून पाहिली.

"बाबा, बंदूक सांगितली होती. तुम्ही जात्याला नळी बसवलीत."

"फुटणार नाही," सटवाजी म्हणाला.

ती फुटली नाही. पण अर्ध्या डोंगरावर ती जिऊच्या हातून निसटली, जमिनीवर पडली आणि मातीत रुतत गेली. जिऊ तळहात सोलून परत आली. सटवाजीने कोमट पाण्याने ते धुतले. तांबे तोवर राजाच्या बेंबीपर्यंत चढले होते.

दुसरी बंदूक त्याने रागाने घडवली. पातळ नळी, पांगाऱ्याचा दस्ता. हातात घेतली तर बासरीच वाटावी. आता त्या घरची एक रीत होती: नव्या बंदुकीचा पहिला बार घडवणाऱ्याने स्वतःच्या गालाला लावून टाकायचा. जिऊने विनवले की निदान या वेळी बंदूक झाडाला बांधून पाहू. सटवाजीने मान हलवली. तिप्पट दारू ठासली, दस्ता गालाला लावला, बत्ती दिली.

नळी बुडापाशी उकलली. पांगाऱ्याच्या ढलप्या अंगणभर उडाल्या. सटवाजीचा डावा कान कायमचा गेला आणि अर्धी मिशी जळाली. तो मातीत बसला आणि म्हणाला, "बरे झाले. माझाच गेला."

जिऊने त्याला पाणी दिले. कोणाचा वाचला, ते त्याने बोलायची गरज नव्हती.

नंतर सटवाजीला हातोडा उचलवेना. भट्टीमागे उंबर होता. त्यावर एक धनेश पक्षी फळे खात बसला होता. एक फळ गिळून त्याने विचारले, "सटवाजी, भाता थंड का?"

सटवाजी म्हणाला, "हलकी करावी तर फुटते. मजबूत करावी तर वर जात नाही."

"माझी चोच किती जड असेल?"

सटवाजीने डोळे बारीक करून पाहिले. चोच विळ्यापेक्षा मोठी, आणि तिच्यावर शिंगासारखा टोप. "तुझी मान मोडत कशी नाही?"

"हात पुढे कर."

धनेशाने चोच त्याच्या तळहातावर टेकवली. वाळके पान पडावे तेवढाच भार. पक्षी म्हणाला, "आत पोकळी आहे, पोकळीत हाडाची जाळी आहे. भरीव फक्त टोक, कारण फोडायचे काम त्याचे. तू लोखंड घालतोस ते सगळीकडे सारखे, काढतोस तेही सगळीकडून सारखे." एवढे बोलून तो पुढच्या फांदीवर गेला, कारण तिथली उंबरे जास्त पिकलेली होती.

सटवाजीने भट्टी पेटवली. जिथे दारू पेटते, ते नळीचे बूड त्याने जाडच ठेवले. तिथून पुढे नळी उसासारखी निमुळती केली. दस्त्याला शिवणीचे लाकूड घेतले, वजनाला कमी आणि उन्हापावसात न वाकणारे. ते आतून कोरले, पोकळीत आडव्या कामट्या बसवल्या. पण जिथे मूठ आवळते आणि धक्का बसतो, ती दस्त्याची मान चिवट तिवसाच्या लाकडाची ठेवली, भरीव. पट्टी एकही ठोकली नाही.

जिऊने बंदूक खांद्याला लावली. "बाबा, तोंडाकडे अजून ओढते."

तोंडाशी सिंह होता. सटवाजीने धोतराच्या सोग्याने त्याची आयाळ पुसली. बराच वेळ पुसली. मग कानस घेतली आणि सिंह घासून टाकला.

"आजोबांना काय सांगाल?" जिऊने विचारले.

"आजोबांना हा डोंगर चढायचा नव्हता."

पहिला बार सटवाजीने स्वतःच्या गालाला लावून टाकला. नळीवर केसाएवढी चीर गेली नाही. इकडे राजाच्या बरगड्या तांब्याच्या झाल्या होत्या.

सकाळी दोघे पायथ्याशी आले. जिऊने बंदूक खांद्यावर टाकली, थोडी चालली, थांबली आणि मागे फिरली. तिने बुडाभोवतीचे फडके सोडले. आत एक जाड लोखंडी कडे चढवलेले होते.

"हे कधी घातले?"

"पहाटे. असू दे आधाराला."

"तुम्ही बार टाकलात तेव्हा हे होते?"

"नव्हते."

"मग तुमच्या गालाला पुरली ती बंदूक माझ्या गालाला का पुरू नये?"

सटवाजीने फडक्याकडे हात नेला.

"बाबा, हे तुमच्या भीतीचे कडे आहे. हे वर नेले तर सगळ्यात आधी हेच जड होईल. इथेच राहू द्या."

सटवाजीने हातोडीने ते हळूहळू उतरवले. ठेवायला जागा सुचेना, म्हणून स्वतःच्या मनगटात घातले. जिऊ चढू लागली, आणि अंगणापुरते अंतर जाताच त्याला दिसेनाशी झाली.

मग तो दगडावर बसला आणि उजवा कान शेंड्याकडे केला. ऊन पाठीवरून डोक्यावर आले. बंदूक आता घागरीएवढी जड झाली असेल, आता वासराएवढी. बार भरणाऱ्याला ठाऊक असते: नळी फुटली तर आवाज कापड फाटल्यासारखा येतो, टिकली तर गोल येतो. सटवाजी त्या एका आवाजासाठी श्वास धरून बसला.

बार झाला. गोल होता.

पाठोपाठ हंडा पायऱ्यांवरून घरंगळावा तसा खणखणाट झाला, आणि सटवाजीच्या मनगटातले कडे एकाएकी हलके वाटू लागले. ससाणा फुटला होता, आणि त्याबरोबर डोंगराचा भारही उतरला होता.

जिऊ उतरून आली तेव्हा तिच्या एका हातात बंदूक होती, दुसऱ्यात तांब्याचे पीस. गाल दारूने काळा झाला होता, पण धड होता. सटवाजीने अंगठ्याने तो पुसला. काळे सगळे निघेपर्यंत पुसला. मग म्हणाला, "नळी दाखव."

जिऊ हसू लागली, आणि हसता हसता तिने नळी दाखवली.

राजाच्या अंगावरचे तांबे खपल्यांसारखे गळून पडले. तो पहिल्यांदा चालला तो सटवाजीच्या भट्टीपर्यंत, अनवाणी. काय हवे ते माग म्हणाला. सटवाजीने गळलेले तांबे मागून घेतले आणि त्याचे हंडे घडवून गावच्या विहिरीवर ठेवले. शेतांत कणसे आली ती दाण्यांची आली.

त्या घरच्या बंदुकीवर पुन्हा सिंह बसला नाही. कडे भट्टीच्या दाराला टांगलेले असते. नवी बंदूक घडवणारा ते आधी हातात घेतो, तोलतो, आणि परत खुंटीला लावून मगच भाता धरतो. राजाचे तांबे उतरले, सटवाजीचे कडे उतरले; ऐकणाऱ्याच्या खांद्यावरचे नको ते ओझेही तसेच उतरो.