लाल काचेची खिडकी

फार मागे, इंदुमती नावाच्या फोटोवालीकडे घडीचा एक म्हातारा कॅमेरा होता. त्याच्या पाठीवर लाल काचेची खिडकी होती. आतल्या फिल्मवरचे आकडे तिच्यातून दिसत, म्हणून तिचं झाकण तो कायम उघडं ठेवी.

एकदा नव्या जातीची फिल्म आली. "आजोबा, खिडकी झाका," फिल्म म्हणाली. "मला लाल उजेडही दिसतो. म्हणून तर धुरकट हवेतला लांबचा डोंगर मी टिपू शकते."

"पन्नास वर्षांत लाल उजेडानं एकाही फिल्मचं वाकडं केलं नाही," कॅमेरा फणकारला. "तुझंच काय एवढं?"

इंदुमतीनं डोंगराचे फोटो काढून धुतले, तर प्रत्येकात मधोमध खिडकीएवढा गोल पांढरा डाग! "माझा डोंगर कुठं गेला?" ती हळहळली.

तिनं तसलीच दुसरी फिल्म भरली. ती रिळावर घट्ट बसून राहिली. "खिडकी बंद होईपर्यंत मी जागची हलणार नाही."

"मग मला आकडे कसे दिसणार?"

"मला विचारा. मी सांगेन."

कॅमेऱ्यानं मुकाट्यानं झाकण ओढलं. या वेळी डोंगर झाडांसकट उमटला.

तेव्हापासून पोटात कुठलीही फिल्म आली, की म्हातारा आधी विचारतो, "बाई, तुला काय काय दिसतं?"